कोलेस्टेरॉल, पेशीपटल आणि अल्झायमरचे अ‍ॅमिलॉइड

कोलेस्टेरॉलची आपली ओळख होते ती बहुधा चाळिशीनंतर, रक्ततपासणीच्या अहवालावरील एका आकड्याच्या रूपाने. आणि तो आकडा मर्यादेबाहेर गेला की साजूक तुपापासून अंड्याच्या बलकापर्यंत साऱ्यांची झाडाझडती सुरू होते. परंतु रक्तातून फिरणारे कोलेस्टेरॉल हा शरीरातील एकूण साठ्याचा अल्पसा अंश असून, उरलेल्याचा फार मोठा भाग पेशीपटलांत, म्हणजे प्रत्येक पेशीला तिची हद्द आखून देणाऱ्या अतिसूक्ष्म स्निग्ध आवरणांत, वास्तव्य करून असतो. आणि या बाबतीत सर्वांत संपन्न इंद्रिय म्हणजे मेंदू. शरीराच्या वजनाचा अवघा २ टक्के भाग असलेल्या या इंद्रियात शरीरातील सुमारे एक चतुर्थांश कोलेस्टेरॉल साठलेले असते. ज्या विकारात स्मृती आणि विवेक यांचा क्रमाक्रमाने लोप होतो, त्या अल्झायमरच्या विकाराशी या साठ्याचा काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या ठिकाणी व कोणत्या रीतीने घडतो, या प्रश्नाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो शोध झाला, त्याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

प्रश्नाचे मूळ मात्र याहून जुने आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ऑगस्ट डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची नोंद डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी बारकाईने ठेवली होती. १९०६ साली ती निवर्तल्यावर तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निरीक्षण मांडले. पेशींच्या बाहेर साचलेली किटणे आणि पेशींच्या आत वळलेली तंतूंची गुंतवळ, ही दोन लक्षणे पुढे त्या विकाराची ओळख ठरली. परंतु त्यांनी तिसरीही एक गोष्ट नोंदविली होती : चेतापेशींना आधार देणाऱ्या अनेक पेशींत मेदाचे कण साठलेले त्यांना दिसले होते. पहिल्या दोन लक्षणांवर ग्रंथालये भरतील इतके लेखन झाले. तिसरे लक्षण मात्र विसाव्या शतकाचा बहुतेक काळ दफ्तरी दाखल होऊन पडून राहिले.

त्या किटणांतील द्रव्याला अ‍ॅमिलॉइड म्हणतात. १९८४ साली ग्लेनर आणि वाँग या अमेरिकन संशोधकांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या अ‍ॅमिलॉइडमधून एक आखूड प्रथिनखंड शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी मास्टर्स व बायरॉयथर यांनी मेंदूतील किटणांतही तोच खंड असल्याचे दाखविले. बीटा-अ‍ॅमिलॉइड या नावाने ओळखला जाणारा हा खंड बहुधा चाळीस किंवा बेचाळीस अमिनो आम्लांचा असतो; त्यांपैकी बेचाळिसांचा अधिक चिकट, लवकर गोळा होणारा आणि म्हणून अधिक उपद्रवी. तो ज्या मोठ्या प्रथिनातून कापला जातो त्या मातृप्रथिनाचे जनुक १९८७ साली एकविसाव्या गुणसूत्रावर सापडले, आणि या गुणसूत्राची तिसरी प्रत घेऊन जन्मणाऱ्या डाऊन संलक्षणाच्या व्यक्तींना तरुण वयातच अ‍ॅमिलॉइडची किटणे का होतात याचा उलगडा झाला. १९९२ साली हार्डी आणि हिगिन्स यांनी या साऱ्या पुराव्याची सांगड घालून, अ‍ॅमिलॉइडचा संचय हा या विकारातील आद्य प्रमाद असून बाकीचे अनर्थ त्यामागून येतात, असा सिद्धान्त मांडला. त्या सिद्धान्तावर आक्षेप पुष्कळ आले, तरी संशोधनाचा राजमार्ग आजवर त्याच दिशेने गेला आहे.

येथे कोलेस्टेरॉलचा प्रवेश होतो तो मातृप्रथिनाच्या निवासस्थानामुळे. हे प्रथिन पेशीपटलाला आरपार छेदून उभे असते, त्याचा मोठा भाग पेशीबाहेर व लहानसे शेपूट पेशीत. आणि बीटा-अ‍ॅमिलॉइडचा खंड नेमका अशा जागी असतो की त्याचा काही भाग पटलाबाहेर व काही भाग पटलाच्या गाभ्यात येतो. या प्रथिनाची छाटणी दोन प्रकारे होते. आल्फा-सिक्रेटेज नावाचे विकर बीटा-अ‍ॅमिलॉइडच्या खंडाच्या मध्यावरच घाव घालते, सबब तो खंड अखंडपणे निर्माणच होऊ शकत नाही. उलटपक्षी बीटा-सिक्रेटेजने त्या खंडाच्या आरंभीच छेद दिला, तर नव्याण्णव अमिनो आम्लांचा एक तुकडा पटलात रुतून राहतो, आणि मग गॅमा-सिक्रेटेज हे विकर पटलाच्या गाभ्यात शिरून त्याचा दुसरा छेद करते व बीटा-अ‍ॅमिलॉइड मोकळे होते. म्हणजे मातृप्रथिन, त्याला कापणारी विकरे आणि उपद्रवी खंडाचे जन्मस्थान ही सर्व एकाच पटलाच्या आश्रयाने असल्यामुळे, त्या पटलाची घडण बदलली तर या छाटणीचा कलही बदलावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

पटलाची घडण म्हणजे काय, याविषयीच्या कल्पनाही याच काळात पालटत होत्या. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी पटल हे प्रवाही मेदाचे असून प्रथिने त्यात तरंगतात असे चित्र उभे केले होते. त्या मेदाच्या लवचीक शेपट्यांमध्ये कोलेस्टेरॉलचा ताठ, चार कड्यांचा रेणू केरसुणीच्या हिरांत खोवलेल्या पट्टीसारखा बसतो, आणि त्यामुळे पटल दाट, जाड व कमी पाझरणारे होते. १९९७ साली काय सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी असे प्रतिपादन केले की कोलेस्टेरॉल सर्वत्र सारखे पसरलेले नसून स्फिंगोमायलिनसारख्या विशिष्ट मेदांच्या संगतीत त्याचे लहान लहान तराफे बनतात, आणि निवडक प्रथिने या तराफ्यांवर एकत्र येऊन आपले व्यवहार करतात. या तराफ्यांचे आकारमान व आयुर्मान यांबद्दल शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला आहे, आणि तो पुरता मिटलेला नाही. परंतु पटलाचे सर्व प्रदेश एका जातीचे नसतात, हा मुद्दा आता बहुतेकांना मान्य आहे.

लगेच पुढच्या वर्षी, १९९८ साली, या दोन विचारांचा संगम घडविणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदराच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील चेतापेशी काचपात्रात वाढवून, लोव्हास्टॅटिन या औषधाने त्यांची कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखून आणि सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूने पटलातील कोलेस्टेरॉल शोषून घेऊन, संशोधकांनी त्या पेशींतील कोलेस्टेरॉल सुमारे ७० टक्क्यांनी घटविले. आणि बीटा-अ‍ॅमिलॉइडची निर्मिती थांबली. २००१ साली कोलेस्टेरॉल उतरले की आल्फा-सिक्रेटेजचे निरुपद्रवी काम वाढते असे आढळले. २००३ साली बीटा-सिक्रेटेजचा छेद तराफ्यांच्या प्रदेशात होतो व आल्फाचा त्याबाहेर, असे दाखविण्यात आले. कथा सुबक होती : कोलेस्टेरॉल वाढले की तराफे वाढतात, तराफ्यांवर मातृप्रथिन व बीटा-सिक्रेटेज यांची गाठ पडते, आणि विष तयार होते.

परंतु २००४ साली, १९९८च्या प्रयोगातील कार्लोस डॉटी व बार्ट डी स्ट्रूपर हे दोन संशोधक ज्यात सहभागी होते अशा दुसऱ्या एका अभ्यासाने, चेतापेशींच्या पटलातील कोलेस्टेरॉल माफक प्रमाणात घटले तर बीटा-अ‍ॅमिलॉइडची निर्मिती उलट वाढते, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता दोन्ही विधाने एकमेकांना छेद देणारी. तथापि त्यांचा मेळ बसतो. सामान्य स्थितीत मातृप्रथिनाचा मोठा भाग तराफ्यांबाहेर आणि बीटा-सिक्रेटेजचा काही भाग तराफ्यांवर असतो, आणि ही फारकतच पेशीचे संरक्षण करते. कोलेस्टेरॉल थोडे ढळले तर सीमा सैल होऊन दोघांची भेट घडते. फारच ढळले तर विकराचे कामच बंद पडते. शिवाय ७० टक्के घट ही जिवंत मेंदूत कधी न घडणारी, काचपात्रातली आणीबाणीची परिस्थिती होय. या विषयातील पुष्कळसा गोंधळ अशा अतिरेकी प्रयोगांवरून घाईने केलेल्या अनुमानांतून उपजला आहे. येथून पुढे एक गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी : कोलेस्टेरॉल किती, या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी ते कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि निर्णायक प्रश्न बहुधा तोच असतो.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा चांगला दाखला दिला होता. पटल दोन पदरांचे असते, एक बाहेरच्या बाजूचा व एक आतल्या. तरुण उंदरांच्या मेंदूत चेतापेशींच्या जोडस्थानांवरील पटलात कोलेस्टेरॉलचा बहुतांश साठा आतील पदरात होता. म्हाताऱ्या उंदरांत एकूण साठा जवळपास तेवढाच असून बाहेरच्या पदरातील प्रमाण मात्र दुपटीच्या घरात गेले होते. एकूण मोजमाप करणाऱ्याला येथे काहीच बदल दिसला नसता. वार्धक्य हे या विकाराचे सर्वांत मोठे कारण आहे हे लक्षात घेता, हा स्थलांतराचा प्रकार दुर्लक्षिण्यासारखा नाही.

रेणूंच्या पातळीवर सर्वांत जवळून पाहिलेले दृश्य २०१२ साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात चार्ल्स सँडर्स यांच्या प्रयोगशाळेने दिले. बीटा-सिक्रेटेजच्या छेदानंतर पटलात रुतून राहणाऱ्या त्या नव्याण्णव अमिनो आम्लांच्या तुकड्याची रचना त्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने उलगडली. पटलात शिरणारा त्याचा मळसूत्री भाग सरळ नसून किंचित वाकलेला आहे, आणि त्यावर ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल दर चार जागांनी येते. ग्लायसिनला बाजूची शाखा नसल्यामुळे तेथे एक सपाट खाच तयार होते, आणि त्या सपाट खाचेला कोलेस्टेरॉलचा सपाट चेहरा टेकून बसतो. म्हणजे कोलेस्टेरॉल या तुकड्याभोवतीचे वातावरण घडवितेच, शिवाय त्याला प्रत्यक्ष हातही घालते. आणि ही जवळीक त्या तुकड्याला तराफ्यांकडे खेचून नेत असावी, असा तर्क तेव्हा मांडला गेला. परंतु त्याच प्रयोगशाळेचा सहभाग असलेल्या २०२१च्या अभ्यासात, खऱ्या पेशींच्या पटलांपासून तयार केलेल्या मोठ्या पुटिकांत हा तुकडा तराफ्यांसारख्या घट्ट प्रदेशात न जाता सैल प्रदेशातच राहतो, असे आढळले. आपल्याच तर्कावर अशी फेरतपासणी करणारे संशोधक हे या क्षेत्राचे खरे भांडवल होय.

बीटा-अ‍ॅमिलॉइड जन्मल्यावरही पटलाचा संबंध सुटत नाही. एकेकटे सुटे खंड निरुपद्रवी असतात. संकट उभे राहते ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके व तंतू बनतात तेव्हा. १९९५ साली जपानमधील यानागिसावा यांनी अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेतील मेंदूत बीटा-अ‍ॅमिलॉइडचा एक वेगळा प्रकार पाहिला, जो जीएम१ या गँग्लिओसाइड नावाच्या शर्करायुक्त मेदाला घट्ट जोडलेला होता आणि जो पुढील संचयाचे बीज ठरत असावा. नंतरच्या प्रयोगांत हे गँग्लिओसाइड पटलावर घोळक्याने उभे राहते तेव्हाच बीटा-अ‍ॅमिलॉइडला चिकटण्याची सोय होते, आणि हा घोळका जमविण्याचे काम कोलेस्टेरॉल करते, असे दिसून आले. २०१८ साली केंब्रिज आणि लुंड येथील संशोधकांनी तर याचे गणितच मांडले. कृत्रिम मेदपुटिका, बेचाळिसांचा शुद्ध बीटा-अ‍ॅमिलॉइड, आणि तंतू बनताच प्रकाशणारा थायोफ्लेविन हा रंगद्रव्याचा रेणू, एवढ्याच सामग्रीने त्यांनी तंतू जमण्याच्या वेगाचे आलेख काढले. पुटिकांत कोलेस्टेरॉल मिसळले की पहिले बीज पडण्याची क्रिया वीस पटींपर्यंत वेगवान होत होती. द्रावणात क्वचित घडणारी घटना पटलाच्या पृष्ठभागावर सहज घडू लागते, इतका हा फरक आहे.

पटलाला होणाऱ्या इजेबाबत मात्र पुरावा दोन्ही बाजूंना आहे. बीटा-अ‍ॅमिलॉइडचे रेणू पटलात शिरून कॅल्शियमसारख्या आयनांना वाट करून देणारी छिद्रे पाडतात, हे १९९३ साली कृत्रिम पटलांवर दाखविण्यात आले. कोलेस्टेरॉल अशी छिद्रे जुळविण्यास मदत करते, असे काही प्रयोग सांगतात. आणि कोलेस्टेरॉलने ताठ केलेले पटल या घुसखोरीला दाद देत नाही, असे दुसरे काही प्रयोग सांगतात.

आता मेंदूच्या कोलेस्टेरॉलच्या कारभाराकडे वळले पाहिजे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर रक्तातील कोलेस्टेरॉलच्या कणांना आत येण्याची मुभा देत नाही; सबब मेंदू आपली गरज स्वतःच भागवितो. त्याचा बराचसा साठा चेतातंतूंवरील मायलिनच्या वेष्टनात जवळजवळ अचल असतो. प्रौढ वयात चेतापेशींना लागणारे कोलेस्टेरॉल मुख्यतः शेजारच्या तारकापेशी बनवितात आणि अपोलिपोप्रोटीन-ई या वाहक प्रथिनाबरोबर त्यांच्याकडे रवाना करतात. जास्तीच्या कोलेस्टेरॉलवर चेतापेशींतील एक विकर हायड्रॉक्सिल गट चढविते, आणि अशा बदललेल्या रूपात त्याला अडसर ओलांडून बाहेर जाण्याचे दस्तक मिळते. १९९३ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, या वाहक प्रथिनाचा ई४ हा प्रकार ज्यांना वारशाने मिळतो, त्यांना उतारवयात अल्झायमर होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीने ती सुमारे तिप्पट, दोन प्रतींनी त्याहून कितीतरी वाढते. हरियाणातील बल्लभगड येथे झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त पाहणीत ई४चे प्रमाण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या लोकांपेक्षा कमी आढळले, परंतु ज्यांच्यात तो होता त्यांच्या बाबतीत विकाराशी असलेला त्याचा संबंध तेवढाच बळकट होता. उतारवयातील अल्झायमरच्या सर्वांत प्रबळ जनुकीय कारणाने कोलेस्टेरॉलच्या वाहकाकडेच बोट दाखवावे, ही या साऱ्या कथेतील सर्वांत बोलकी बाब आहे.

२०२१ साली या कारभाराचा थेट पडताळा घेतला गेला. अल्झायमरचे उत्परिवर्तन घातलेल्या उंदरांत फक्त तारकापेशींची कोलेस्टेरॉल बनविण्याची क्षमता काढून घेतल्यावर, चेतापेशींतील बीटा-अ‍ॅमिलॉइडचा भार जवळजवळ नाहीसा झाला. याउलट, जादा कोलेस्टेरॉल बाहेर घालविणारे विकर उंदरांच्या मेंदूत निकामी केल्यास चेतापेशींत कोलेस्टेरॉल साचते, बीटा-अ‍ॅमिलॉइड वाढते व पेशी मरू लागतात. येथे पुरवठा आणि निचरा या दोन्ही टोकांचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवितो, आणि म्हणून तो विशेष इतबार ठेवण्याजोगा आहे.

आहार आणि रक्त यांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. १९९४ साली कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य दिलेल्या सशांच्या मेंदूत बीटा-अ‍ॅमिलॉइड साचल्याचे स्पार्क्स यांनी दाखविले; पण पुढे त्यांच्याच ध्यानात आले की ससे कोणते पाणी पितात यावर हा परिणाम अवलंबून आहे. ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवलेल्या सशांत तो फारच क्षीण होता, आणि त्या पाण्यात दहा लाख भागांत अवघा ०.१२ भाग तांबे मिसळताच तो पुन्हा उठून दिसला. मनुष्यांच्या बाबतीत, २००१ सालच्या फिनलंडमधील पाहणीने मध्यम वयातील वाढलेले कोलेस्टेरॉल पुढे वीसेक वर्षांनी होणाऱ्या अल्झायमरशी निगडित असल्याचे नोंदविले. २००० साली दोन स्वतंत्र अभ्यासांनी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे घेणाऱ्यांत हा विकार सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसतो असे जाहीर केले, तेव्हा आशेला उधाण आले.

ती आशा प्रत्यक्ष चाचण्यांनी पुरी केली नाही. २००२ साली निकाल लागलेल्या दोन मोठ्या हृदयविषयक चाचण्यांत, एकीत २०,५३६ व दुसरीत ५,८०४ व्यक्ती असूनही, स्टॅटिन व नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या बुद्धिव्यापारात फरक पडला नाही. विकार जडलेल्या रुग्णांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ७२ आठवडे दिलेल्या चाचणीत (२०१०), आणि सिम्व्हास्टॅटिन १८ महिने दिलेल्या चाचणीत (२०११), रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले, ऱ्हास मात्र थांबला नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत. स्टॅटिन नियमितपणे घेणारा मनुष्य इतर बाबतींतही प्रकृतीची निगा राखणारा असतो, त्यामुळे पाहणीतील फायदा अंशतः त्याच्या सवयींचा होता. विकार प्रकट होण्यापूर्वीच वजन व कोलेस्टेरॉल उतरू लागते, त्यामुळे उतारवयातील आकडा कारणाऐवजी परिणामच दाखवितो. आणि मुख्य म्हणजे रक्ताचा खजिना व मेंदूचा खजिना वेगळे असल्यामुळे एकात केलेली कपात दुसऱ्यात वसूल होत नाही. पटलावर अ‍ॅमिलॉइडचे बीज पडून दहा-वीस वर्षे लोटल्यावर सुरू केलेले औषध त्याला उपटील, ही अपेक्षाच अवास्तव होती.

म्हणूनच आज उपायांचा विचार मेंदूच्या आतल्या व्यवहाराकडे वळला आहे. कोलेस्टेरॉलचा निचरा करणारे ते विकर अल्प मात्रेतील एफाविरेन्झ या एचआयव्हीवरील औषधाने चेतविता येते काय, पेशींत साठविलेल्या कोलेस्टेरॉल-एस्टरची निर्मिती रोखल्यास अ‍ॅमिलॉइड घटते काय, ई४च्या वाहकावर अधिक मेद चढविता येतो काय, या दिशांना उंदरांवर आशादायक आणि मनुष्यांवर अत्यंत प्राथमिक असे काम चालू आहे. दरम्यान अ‍ॅमिलॉइड प्रत्यक्ष धुऊन काढणारे लेकानेमॅब हे प्रतिपिंड २०२३ साली अमेरिकेत पूर्णपणे मंजूर झाले. त्याने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, परंतु मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा धोका ई४च्या दोन प्रती असणाऱ्यांना सर्वाधिक असतो. कोलेस्टेरॉलच्या वाहकाची सावली उपचारावरही पडलेली आहे.

साऱ्या पुराव्याचा निवाडा असा करता येईल. पटलातील कोलेस्टेरॉल बीटा-अ‍ॅमिलॉइडच्या जन्माला, त्याच्या बीजारोपणाला आणि त्याच्या घातकतेला वळण देते, हे काचपात्रात व प्राण्यांत पुरेसे सिद्ध झाले आहे. मनुष्याच्या मेंदूत ते विकाराचे मूळ कारण आहे, हे सिद्ध झालेले नाही. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचा अंदाज आहे, त्यामुळे हा निव्वळ विद्वानांचा वाद राहिलेला नाही. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मध्यम वयातील वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचा समावेश टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत केला. हा संबंध पटलाच्या वाटेने घडतो की रक्तवाहिन्यांच्या, हे ठरायचे असले, तरी वाचकाने करावयाचे ते स्पष्ट आहे : चाळिशी-पन्नाशीतच रक्ताची तपासणी करून घ्यावी, वैद्याने हृदयासाठी दिलेले स्टॅटिन स्मृती जाईल या भीतीने बंद करू नये, आणि केवळ स्मृती टिकावी या आशेने ते सुरूही करू नये.